एक डोरा वर, एक डोरा खाली

तुम्ही हाताने काही बनवता का? क्रोशाची पर्स, क्विलिंगचे कानातले, रेझिनची कीचेन, मातीचा गणपती, कापडाची बाहुली... काहीही. बनवत असाल तर खरं सांगा, शेवटचा टाका घातला, शेवटचा रंग लावला की तुम्ही पहिलं काय करता?

फोटो काढता. मीही काढायचे. मग त्याला फिल्टर, थोडा ब्राइटनेस, मागे फेअरी लाइट्स, वर एखादं गाणं. टाकली स्टोरी. आणि मग दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघायचं, कुणी पाहिलं, कुणी पाहून गप्प बसलं.

माझं म्हणणं असं की हा फोटो दुसरा असला पाहिजे. पहिला फोटो वेगळा काढायचा. बिनफिल्टरचा, बिनगाण्याचा, कुणालाही न दाखवायचा. आपल्याच कामातल्या चुका आपल्याला दिसाव्यात म्हणून काढलेला. हे मला आपोआप सुचलेलं नाही. माझ्या अक्कलखाती ४२५ रुपये जमा आहेत, ते कसे झाले ते आधी सांगते.

मी अड्याळची. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागतं ते आमचं गाव. कॉलेज भंडाऱ्याला, जाणं-येणं एसटीने, आणि उरलेल्या वेळात कापडाच्या बाहुल्या. आठ-दहा इंचांच्या, आत कापूस, डोळे-नाक कधी धाग्याने, कधी रंगाने. खेळायच्या नाहीत, मांडायच्या. रोवणीच्या बाया हा माझा आवडता विषय. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातात पऱ्ह्यांची जुडी. कापड म्हणजे शिंप्याकडच्या चिंध्या. आंधळगावच्या टसरचा एखादा तुकडा मिळाला तर तो जपून ठेवते, एखाद्या खास बाहुलीसाठी.

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका ताईंनी स्टोरी पाहून दोन बाहुल्या मागवल्या. दोघींचे मिळून साडेआठशे रुपये. माझी पहिली खरीखुरी ऑर्डर! मी पार्सल पाठवलं. चार दिवसांनी मेसेज आला, ‘बाहुल्या छान आहेत, पण फोटोतल्या ह्याच का?’

ह्याच होत्या. पण तुम्ही म्हणाल तसं, ‘ह्याच’ नव्हत्याही. फोटोत मी चेहरा उजळला होता, लाल रंग गडद केला होता, आणि फोनच्या ब्युटी मोडने बाहुलीला माणूस समजून तिचे गाल गुळगुळीत करून टाकले होते. (हसू नका, तुमच्या बाहुलीवर करून बघा. फोनला चेहरा दिसला की तो लागतो कामाला.) ताई भांडल्या नाहीत, पैसेही परत मागितले नाहीत. मलाच राहवलं नाही, मी अर्धे परत पाठवले. आणि सुईदोरा डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवून दिला. दीड महिना.

डबा खाली आला तो आजीमुळे. तिला नुसतं सांगायचं होतं की मी असं काहीतरी विकलं होतं. बाहुल्या तर गेलेल्या, म्हणून फोनमधला फोटो दाखवला, आणि तोही चुकून एडिट करायच्या आधीचा. आजीने चष्मा वरखाली केला, फोन लांब धरला आणि म्हणाली, ‘हिचा एक डोरा वर न एक डोरा खाली कायले केला गे?’

डोरा म्हणजे डोळा. आमच्या झाडीबोलीत तसंच म्हणतात.

मी पाहिलं. खरंच, डावा डोळा उजव्यापेक्षा चांगला तांदळाच्या दाण्याएवढा वर. आठ दिवस ती बाहुली माझ्या हातात होती. आठ दिवस मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. मला दिसलं नाही आणि आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या डोळ्यांनी तीन सेकंदांत दिसलं.

असं का होतं यावर मी बराच विचार केलाय. एक तर बाहुली शिवताना ती आपल्या मांडीवर असते, आडवी. आपली मान एका बाजूला कललेली. वीतभर अंतरावरून आपण फक्त तेवढा टाका बघत असतो, बाहुली नाही. तिला उभी करून, चार पावलं मागे जाऊन, सरळ नजरेने आपण पाहिलेलंच नसतं. आणि दुसरं म्हणजे सवय. जे आपल्या मनात आहे तेच आपल्याला समोर दिसायला लागतं. परीक्षेत आपलाच पेपर तपासून पाहताना चुकलेलं स्पेलिंग बरोबर वाचतो ना, अगदी तसं.

ही काही आजची अडचण नाही. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सांगून ठेवलं होतं की आपलं चित्र आरशात बघा. उलटं दिसलं की ते दुसऱ्या कुणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात, त्याबाबतीत आपण सगळे हुशार! आपल्या फोनमध्ये तर फोटो उलटा करायचं बटण आहेच. सेल्फीसाठी ते हजारदा दाबलं असेल. एकदा आपल्या कामासाठी दाबा. माझ्या बाहुलीचा डोळा उलट्या फोटोत इतका वर दिसत होता की मला घामच फुटला.

आता तान्ह्या पोळ्याची गोष्ट. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवून पोरं रांगेत उभी राहतात. नागपूरच्या भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. बैलांना बक्षिसं असतात आणि त्या बक्षिसांवरून मोठ्या माणसांचीच भांडणं होतात, तो वेगळा विषय. दोन वर्षांपूर्वी भावाचा बैल मी सजवला. घंटी, झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. तीन दिवस जमिनीवर बसून त्याच्यासमोर खपले. नंबर आला नाही. आम्ही परीक्षकांना यथेच्छ नावं ठेवली.

परवा तो फोटो पुन्हा पाहिला. काकाने उभं राहून काढलेला, वरून. त्यात आमचा बैल कसा दिसतोय? पाठ अर्धी उघडी, झूल एका बाजूला घसरलेली, बाशिंगाचा मागचा पुठ्ठा आणि त्यावरची सेलोटेप. समोरून राजा, वरून भिकारी. आणि परीक्षक तर उभे असतात! बैल जमिनीवर. मी तीन दिवस बैलाच्या उंचीला बसून सजवत होते आणि त्यांनी तो वरून पाहिला. तेव्हा एक फोटो उभं राहून काढला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून कुठून बघायचं हे आधी ठरवा. तुमची वस्तू बघणारा कुठे असणार आहे? बाहुली टीव्हीच्या कपाटावर बसणार असेल तर खालून फोटो काढा. टेबलावर असेल तर थोडं वरून. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी भरते त्या मंडईत, जमिनीवर चादर टाकून विकायला बसणार असाल तर गिऱ्हाईक बाहुलीचं डोकं आणि भांग आधी बघणार. माझ्या सगळ्या बाहुल्यांच्या डोक्याची मागची शिवण उघडी होती. कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता फोटो कसा काढायचा ते सांगते. त्यात महागाचं काहीच नाही. आमच्या पडवीत एक स्टूल आहे, त्यावर बाहुली. मागे, वह्यांना घालतो तो खाकी कागद, भिंतीवरून स्टुलावर घसरगुंडीसारखा सोडलेला. खाकीच का? कारण कॅमेरा समोरचं सगळं एका मधल्या उजेडावर आणायला बघतो. मागे पांढरीशुभ्र चादर लावली तर तो चादरीला आवर घालतो आणि बाहुलीचं तोंड काळवंडतं. काळं कापड लावलं तर उलटं, तोंड पांढरंफटक. कोपऱ्यात एक पांढरी चिठ्ठी ठेवते, त्यावर बाहुलीचा नंबर आणि तारीख. चिठ्ठी पिवळी किंवा निळी दिसली की समजायचं, आज कॅमेऱ्याने रंग फिरवलेत, लुगड्याच्या रंगाबद्दल आज मत बनवायचं नाही.

फोन जवळ न्यायचा नाही. ही चूक सगळे करतात. बहुतेक फोनचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो, वीतभर अंतरावरून चेहरा टिपला की नाक फुगतं, कपाळ पुढे येतं आणि कान मागे पळतात. मी त्यापायी एका बिचारीचं नाक दोनदा उसवून बारीक केलं, नंतर कळलं की नाक ठीक होतं, मीच जवळ होते. तीन-चार फूट मागे जा आणि दोन एक्स झूम करा. फोन बाहुलीच्या छातीच्या उंचीवर. ब्युटी बंद, पोर्ट्रेट बंद. पोर्ट्रेटमध्ये केसांच्या कडा पुसल्या जातात आणि लोकरीच्या केसांची तर पार वाट लागते.

उजेडाचं मात्र नीट ऐका, कारण इथे सुंदर फोटो आणि उपयोगाचा फोटो यांची वाट वेगळी होते. सुंदर फोटोला समोरून, मऊ उजेड हवा. त्यात सगळं गोड दिसतं. आपल्याला गोड नकोय. आपल्याला उजेड बाजूने हवा, खिडकीचा नाहीतर दाराचा, सकाळचा. तिरपा उजेड पडला की कापसाच्या गाठी, कापडाच्या चुण्या, ओढला गेलेला टाका, सगळं वर येतं. तणस रचलेल्या ढिगावर संध्याकाळचं ऊन पडलं की एकेक काडी दिसते, तसं. फ्लॅश तर लावूच नका, तो सगळं सपाट करतो.

एक सूचना लाल रंगाबद्दल. गडद लाल लुगड्याच्या निऱ्या फोनमध्ये नुसता लाल ठिपका होऊन बसतात. तिथे कॅमेऱ्याचं ऐकू नका. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा किंवा सरळ स्वतःच्या डोळ्याने बघा.

समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि बघणाऱ्याच्या जागेवरून असे फोटो काढून झाले की फोन ठेवून द्या. लगेच बघू नका. हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी एसटीत बसून पाहिलं की ती बाहुली परक्या घरची होते. आधी फोटो अगदी लहान करून बघा, अंगठ्याच्या नखाएवढा. तेवढ्यातही ती रोवणी करणारी बाई वाटते का, की नुसतं गाठोडं? झाडीपट्टीच्या नाटकाचा मेकअप जवळून पाहिलाय का कधी? भुवया केवढ्या जाड! पण त्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायच्या असतात. माझ्या बाहुल्यांच्या भुवया इतक्या नाजूक होत्या की हातभर लांबून बाहुलीला भुवयाच नव्हत्या.

आणि हे एकदा करून उपयोग नाही. दर वेळी तीच जागा, तोच स्टूल, तीच वेळ. मी पडवीच्या फरशीवर खडूने खूण केलीय, स्टूल कुठे आणि मी कुठे. आईने दोनदा पुसली, तिसऱ्यांदा मी ऑइलपेंटने केली. (त्यावर घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून महिनाभराहून जास्त काळ रोज त्याचं एकेक चित्र घेतलं. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बघता बघता वेल वाढायचा. ते दाखवून त्यांनी सिनेमासाठी भांडवल मिळवलं. कॅमेरा रोज हलला असता तर वेल वाढलेला दिसला असता का? नुसती वाटाण्याची तीस-चाळीस वेगवेगळी चित्रं उरली असती. आपल्या गॅलरीत नेमकं तेच असतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या उजेडात, वेगळ्या कोनातून, वेगळ्या फिल्टरमध्ये. मग पहिली आणि दहावी यांत आपण सुधारलो की बिघडलो, कसं कळणार?

मी एका जागेवरून सतरा बाहुल्यांचे फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावले. त्या सतरापैकी चौदाजणींचा डावा हात बारीक! मी उजवा हात आधी भरते, ताज्या दमाने कापूस ठासते, आणि डाव्यापर्यंत येईतो कंटाळलेली असते. एका बाहुलीकडे बघून हे आयुष्यात कळलं नसतं. आता डावा आधी भरते. आणि सगळ्यांचे चेहरे माझ्या मावशीसारखे आहेत, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

एकीचे तर मी दर रविवारी फोटो काढले, काहीही न बदलता. चौथ्या रविवारी तिची हनुवटी छातीला टेकायला आली होती. मान कापसाची, डोकं जड, रोज केसभर झुकणार. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. नागपूरच्या ताईंच्या कपाटावर त्या दोघी आज कशा बसल्या असतील या विचाराने मला रात्री झोप आली नाही. आता मी बुरडकाम करणाऱ्या काकांकडून बांबूच्या काड्या आणते आणि मानेत घालते. डोक्यापासून कमरेपर्यंत एक.

माझी एक मैत्रीण म्हणते, ‘एवढं परफेक्टच पाहिजे तर मशीनची बाहुली घे ना. हँडमेड म्हटलं की थोडं इकडेतिकडे चालतंच.’

मला हे वाक्य आवडत नाही. आपल्या वयाचे आपण सगळे ते वापरतो, स्टॉलवर, इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये, कॉलेजच्या प्रदर्शनात. जणू ‘हँडमेड’ हे मेडिकल सर्टिफिकेट आहे, दाखवलं की सगळं माफ. आमच्याच जिल्ह्यात टसर विणणारे, पितळेची भांडी घडवणारे, बांबूची सुपं-टोपल्या करणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी कुणी गळका तांब्या देऊन ‘हाताचा आहे, थोडं चालतं’ असं म्हणतो का? बाहुलीचा डोळा मी मुद्दाम वाकडा केला असेल, ती डोळा मारत असेल, उन्हात एक डोळा बारीक करून बांधावरून बघत असेल, तर तो माझा. नकळत वाकडा झाला आणि मला दिसलाच नाही, तर तो माझा कसा? तिने मला हा फरक विचारला तेव्हा मी तिला दोन फोटो दाखवले. तिला पटलं का? नाही. ती अजूनही तेच म्हणते. पण तिच्या क्रोशाच्या पिशव्यांचे फोटो हल्ली खाकी कागदावर असतात, हे मी पाहिलंय.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझा मीच घेते. फोटोची इतकी सवय लागते की आपण फोटोसाठीच बनवायला लागतो. मधे माझं तसं झालं. समोरून बाहुली अप्रतिम, आणि पाठीवर टाके कसेही, कारण पाठीचे फोटो काढायचा कंटाळा. आजीला हातात दिली. तिने फोटो वगैरे काही पाहिलं नाही, पोट दाबलं, पाय ओढून पाहिला, उभी केली. पडली. ‘हिच्यात जीव नाही,’ म्हणाली. म्हणजे कापूस कमी आहे. वजन, घट्टपणा, कापडाचा स्पर्श, उभं राहणं यातलं काहीही फोटोत येत नाही. तेव्हा फोटो झाल्यावर डोळे मिटून बाहुली हातात घ्या, हेही त्याच यादीत लिहा.

आणि तो दुसरा फोटो, जगाला दाखवायचा? तो काढा की. मी काही संन्यास घ्यायला सांगत नाही. चांगला फोटो काय करू शकतो याचं आपल्याकडचं उदाहरण तर फारच भारी आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या गणपतराव म्हात्रे या विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. प्लॅस्टरचा. पूजेला निघालेली नऊवारीतली तरुणी. तिकडे लंडनमध्ये जॉर्ज बर्डवूड यांनी त्याची वाहवा केली ती पुतळा पाहून नाही, फोटो पाहून. विचार करा, त्या काळी! विद्यार्थी मुंबईत, पुतळा मुंबईत आणि मत बनतंय समुद्रापलीकडे, एका कागदावरून. आज आपल्या प्रत्येक वस्तूचं तेच होतंय. ती कुणाच्या हातात पडण्याआधी तिचा फोटो पोचतो आणि माणूस फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवतो. म्हणून तो फोटो सजवा, पण खोटा करू नका. मी आता विकायच्या प्रत्येक बाहुलीबरोबर चार फोटो पाठवते. त्यातला एक पाठीचा आणि एक माझ्या हातात धरलेला, आकार कळावा म्हणून. ऑर्डरी धो धो वाढल्या असं काही नाही. पण ‘ह्याच का?’ असा मेसेज परत आलेला नाही.

कॉलेजांनीही यात थोडं लक्ष घालायला हवं असं मला वाटतं. युवा महोत्सवात मातीकाम असतं, इन्स्टॉलेशन असतं, रांगोळी असते. मी मातीकामात भाग घेतला होता. निकाल लागला आणि संध्याकाळपर्यंत आमची माती पुन्हा गोळा होऊन बादलीत. माझ्याकडे त्या कामाचा एकच फोटो आहे. त्यात मी आहे, तीन मैत्रिणी आहेत, बोटांची व्ही आहे आणि मागे कुठेतरी मूर्तीचा खांदा. परीक्षकांनी काय चुकलं ते सांगितलं होतं, पण आता ते कशाकडे बघून आठवू? बक्षिसाच्या फोटोला फोटोग्राफर असतो. हरलेल्यांच्या कामाचे चार फोटो काढून ज्याचे त्याला दिले तर पुढच्या वर्षी त्यांच्यातलाच कुणी जिंकेल.

आता आजीबद्दल राहिलेलं सांगते. तिचं माहेर वर्धेकडचं. तिकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते आणि आजी लग्नानंतरही कितीतरी वर्षं इथे अड्याळला स्वतःच्या हाताने मातीची भुलाबाई आणि भुलोजी करायची. गावातल्या पोरी गाणी म्हणायला यायच्या. कोजागरी झाली की विसर्जन, पुढच्या वर्षी नवी. त्यामुळे एकही उरली नाही. तिने किती बनवल्या, कशा बदलत गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

फोटो एकच सापडला. आत्याच्या साक्षगंधाचा, दसऱ्याच्या दिवशीचा, रोलच्या कॅमेऱ्याने काढलेला. पुढे सगळे पाहुणे ताठ उभे आणि मागच्या कोनाड्यात, दोन डोक्यांच्या मधून, भुलाबाई. मी त्या फोटोचा फोटो काढून मोठा केला आणि आजीला दाखवला. मला वाटलं होतं, रडेल. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘मान केवढी लांब झाली होती वो बाई हिची! कोनी बोललंच नाही.’

एवढी वर्षं बनवत होती, आणि मान लांब झाल्याचं तिला आज कळलं.

या भाद्रपदात तिने बोडीतली माती आणायला लावली. बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत, दोन-दोन मिनिटांनी थांबते. काल भुलाबाई स्टुलावर होती, खाकी कागदापुढे, कोपऱ्यात चिठ्ठी क्रमांक ३. मी ऑइलपेंटच्या खुणेवर उभी राहून फोटो काढला. आजीने फोन लांब धरून पाहिला, चष्मा वरखाली केला, आणि अंगठ्याने मान दाबून पुन्हा माती केली. उद्या सकाळी क्रमांक ४ चा फोटो आहे. मला आठची एसटी आहे, म्हणून ती म्हणाली सातलाच काढू, उजेडही बाजूने येतो तेव्हा.